तलाव एक, दावेदार चार : मामा तलावांचं भांडण मिटणार कुठे?

दसरा जवळ आला की गोंदिया-भंडारा पट्ट्यात तलावाच्या पाळीवर एक ओळखीचं चित्र दिसतं. धान निसवायला लागलेला असतो, पावसानं पाठ फिरवलेली असते आणि बांधीला भेगा पडायच्या आत एक पाणी मिळावं म्हणून शेतकरी तुडुम उघडा म्हणतात. त्याच पाळीवर ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थेचे सभासद उभे असतात. पावसाळ्यात पैसे गोळा करून, कुणी उसनवारी करून त्यांनी मत्स्यबीज सोडलेलं असतं. ते म्हणतात, पाणी आत्ताच गेलं तर मासा वाढणार कशात?

दोघांचंही म्हणणं खरं आहे, म्हणून तर हे भांडण मिटत नाही. दोन-चार दिवस बाचाबाची होते, सरपंच मध्ये पडतात, कुणी तहसीलमध्ये निवेदन देऊन येतं. शेवटी ज्याच्या बाजूनं माणसं जास्त, त्याच्या मनासारखं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीसारखी वीज, शेतीसारखं कर्ज, किसान क्रेडिट कार्ड, विमा अशा सवलतींची दारं त्यामुळे उघडतात. निर्णय चांगला आहे. पण मामा तलावापुरतं बघितलं तर धानवालाही कृषी आणि मासेवालाही कृषी, आणि दोघांच्या मध्ये पाणी तेवढंच. दर्जा मिळाल्यानं तलावात एक घागरही वाढत नाही. वाटणी कशी करायची हा प्रश्न गावापुढे होता तसाच आहे.

तलाव बांधले कुणी, गेले कुणाकडे

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. यातले पुष्कळ गोंडराजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी बांधले. जो तलाव बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन, असा राजांचा शब्द होता, असं जुनी माणसं सांगतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. डोंगरांमधल्या फटी मातीच्या पाळीनं बांधून एवढं पाणी अडवलं, ते आजही टिकून आहे.

इंग्रजांच्या काळात गावं मालगुजारांकडे गेली आणि तलावही. पावसाळ्याआधी पाळीवर माती टाकणं, तुडुम दुरुस्त करणं, पाटातली झुडपं काढणं ही कामं गावाकडून करून घेतली जात. पाणी कुणाला आधी, कुणाला नंतर हे पंच ठरवत. तो काळ फार सुखाचा होता असं कुणी समजू नये. मालगुजाराचा शब्द म्हणजे कायदा होता. मासे धरणाऱ्या ढिवराच्या नावावर तलावाचा काठसुद्धा नव्हता. पण तलावाचा निर्णय एका ठिकाणी होत होता, एवढं मात्र खरं.

हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानं ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि तलाव सरकारच्या मालकीचे झाले. गावकऱ्यांचे निस्तार हक्क कागदावर राहिले. पुढे सरकारनं पाणीपट्टी लावली तेव्हा शेतकरी म्हणाले, तलाव आमच्या बापजाद्यांनी खोदला, पट्टी कशाची? सरकार म्हणालं, पट्टी नाही तर दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा? या ओढाताणीत पाळी खचल्या, तुडुम गळायला लागले, पाट बुजले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे, अशी विभागणी झाली.

चार दावेदार, चार टेबलं

आज एका मामा तलावावर निदान चार जणांचा हक्क आहे.

पहिला धानवाला. त्याला रोवणीच्या वेळी पावसानं दगा दिला तर एक पाणी लागतं आणि धान निसवताना एक. हे शेवटचं पाणी चुकलं तर दाणा भरत नाही, लोंब पोचट राहते. वर्षाची मेहनत आठ-दहा दिवसांत जाते.

दुसरा मच्छीमार. त्याला पाणी टिकायला हवं. कतला, रोहू, मिरगल हे मासे साचलेल्या तलावाच्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांचं बीज दरवर्षी विकत आणून सोडावं लागतं. ते विकण्याजोगं व्हायला काही महिने जातात. तलाव लवकर आटला की लहान मासा मिळेल त्या भावात काढावा लागतो. साधारण पाच वर्षांचा ठेका, त्याची रक्कम, बीजाचा खर्च हे सगळं त्या माशातून निघायचं असतं. रक्कम झेपली नाही की संस्था कागदावर राहते आणि तलाव खरा चालवतो कुणीतरी व्यापारी. सभासद आपल्याच तलावावर मजूर होतो.

तिसरे दावेदार बोलत नाहीत, पण आहेत. उन्हाळ्यात ढोरं पाणी प्यायला कुठे जाणार? गावातल्या विहिरी आणि बोअरवेलचं पाणी तलावावर टिकून असतं. तलाव कोरडा पडला की गावातल्या हँडपंपाला हात मारून मारून दंड दुखतात. ढिवर समाजाच्या बाया काठावरून बारीक मासळी, ढेस, देवधान, पाणभाजी गोळा करतात. हे घरातल्या ताटात जातं किंवा आठवडी बाजारात. संस्थेच्या रजिस्टरात मात्र बहुतेक नावं पुरुषांची असतात, त्यामुळे बैठकीत या बायांचं म्हणणं कुणी विचारत नाही. पाणपक्षीही याच काठावर जगतात. महाराष्ट्रात सारस पक्षी आता गोंदिया आणि लगतच्या भागातच उरलाय.

चौथा आहे तलावाच्या पोटात शेती करणारा. पाणी ओसरलं की गाळाच्या जमिनीवर पीक घ्यायचं, हे जुनंच आहे. पण आधी एक हंगाम, मग बारमाही, मग बांध घालून कब्जा, असं होत गेलं. ज्याची जमीन तलावाच्या पोटात, त्याला तलाव भरलेला नकोच असतो. तो सांडवा खाली करा म्हणतो. काही ठिकाणी सांडवा रात्रीतून फुटतो, आणि कुणी फोडला ते साऱ्या गावाला ठाऊक असूनही कुणाला ठाऊक नसतं.

या चौघांची कामं चार टेबलांवर आहेत. पाण्याचं टेबल लघुपाटबंधाऱ्याचं. माशाची संस्था, बीज, योजना मत्स्यव्यवसाय खात्याकडे. अतिक्रमण महसूलकडे. तलावात पाणी ज्या जंगलातून येतं ते वनखात्याकडे. प्रत्येक साहेब आपल्या टेबलापुरतं बरोबर बोलतो. ठेका देताना तलावात मार्चमध्ये किती पाणी राहील याची हमी कुणी देत नाही, आणि पाणी सोडताना माशाचं काय हे कुणी विचारत नाही. भांडण गावात दिसतं, पण त्याची गाठ या टेबलांच्या मध्ये पडलेली आहे.

वरच्या गावाचा सांडवा, खालच्या गावाचं पाणी

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. आपल्याकडचे तलाव सुटे नाहीत. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्याचं पाणी नाल्यानं खालच्या तलावात, तिथून बोडीत, बोडीतून पुढच्या गावात असं उतरत जातं. जुन्या लोकांनी ही माळ विचार करून ओवली होती. एका गावानं सांडव्यावर दोन फूट भिंत चढवली तर त्या गावाचा फायदा होतो आणि खालच्या गावाचा तलाव अर्धाच भरतो. येव्याच्या वाटेवर रस्त्याचा भराव पडला आणि पाईप लहान टाकला, तरी तेच. मधल्या शेतात मारलेलं औषध पहिल्या जोराच्या पावसात खालच्या तलावात उतरतं, तेव्हा मासा मरतो आणि संशय भलत्यावरच जातो.

म्हणजे हिशोब एका गावाचाही पुरत नाही. एका येव्यावरच्या तीन-चार गावांनी निदान वर्षातून एकदा एकत्र बसल्याशिवाय खालच्या गावाला न्याय मिळणार नाही.

गाळ काढा, पण खड्डा करू नका

सध्या तलावाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं गाळ काढण्याचं. २०१७ मध्ये सुरू झालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०२३ पासून पुन्हा जोरात आहे. गाळ निघाला पाहिजे यात वाद नाही. पाणीसाठा वाढतो, गाळानं बांधी सुधारते. पण गाळ कसा काढला यावर पुढची दहा वर्षं ठरतात.

मामा तलाव परातीसारखा असतो. काठाकडे उथळ, पाळीकडे खोल. या उथळ काठावरच्या गवतात, पाणवनस्पतीत मरळ, मागूर, शिंगी असे गावरान मासे अंडी घालतात, पिल्लं वाढवतात. पक्ष्यांचं खाणंही तिथलंच. जेसीबीनं सरळ कडा असलेला चौकोनी खड्डा केला की ही जागाच जाते. शिवाय ढोराला पाण्यात उतरता येत नाही, पोरासोरांना धोका वेगळा. आणि हाव सुटून चिकण मातीचा थर खरवडून मुरूम उघडा पाडला, तर तलाव गळायला लागतो. मग पाणी वाढवायला गेलो आणि होतं तेही घालवलं, अशी गत.

मुरूम लागायच्या आधी थांबायचं, काठाचा उतार मोडायचा नाही, गाळ कुणाच्या बांधीत किती गेला त्याची यादी ग्रामपंचायतीत लावायची, एवढं पाळलं तरी पुष्कळ. यासाठी वेगळा पैसा लागत नाही. मशीन चालू असताना तलाव ओळखणारी दोन माणसं, त्यात एक मच्छीमार, तिथे उभी हवीत.

जिथे जमलं, तिथे काय केलं

अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांसोबत काही तलावांवर काम केलं. कोणत्या तलावात आधी कोणता मासा होता, कोणती वनस्पती होती, ती कधी गेली, हे जाणत्या मच्छीमारांकडूनच गोळा केलं. मग तलावात माजलेली बेशरम उपटली, तळ नांगरला, गेलेल्या पाणवनस्पती दुसऱ्या तलावातून आणून लावल्या. या कामात बायांचा हात मोठा होता. गावरान मासा परत वाढायला लागला. या माशाचं बीज विकत आणावं लागत नाही, तो आपला आपण वाढतो. ज्याला बीज परवडत नाही त्या संस्थेसाठी ही मोठी गोष्ट आहे.

पाणीवाटपाचा दाखला नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणाचा आहे. दिंडोरी तालुक्यातल्या या धरणावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी पाणीवापर संस्था उभ्या केल्या. सुरुवात केली ती कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी, ज्यांच्यापर्यंत पाणी येतच नव्हतं. पुढे सगळ्या धरणावर संस्था झाल्या आणि पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. २००५ मध्ये राज्यानं शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीच्या व्यवस्थापनाचा कायदाही केला.

वाघाडची गोष्ट जशीच्या तशी आपल्याकडे लागू होत नाही. तिथे मुख्य प्रश्न शेताच्या पाण्याचा होता. इथे त्याच पाण्यात दुसऱ्याचं पोट आहे. म्हणून नुसती पाणीवापर संस्था केली आणि त्यात मच्छीमार नसला, तर जुनाच अन्याय नव्या शिक्क्यानं होईल. एवढं मात्र वाघाडनं दाखवलं की मोजमाप सगळ्यांसमोर झालं तर लोक कमी पाण्यातही वाटून घेतात. भांडण बहुतेक वेळा पाणी कमी आहे म्हणून पेटत नाही, दुसऱ्यानं जास्त घेतलं या संशयानं पेटतं.

कायदा काय म्हणतो

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये मासे आणि पाणवठ्यातल्या इतर उपजांवर सामूहिक हक्क मागता येतो. वनजमिनीवरच्या तलावांसाठी तो कामाचा आहे. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यानं लहान जलाशयांचं नियोजन पंचायतींकडे सोपवायला सांगितलंय. गोंदिया आणि भंडारा अनुसूचित क्षेत्रात नाहीत, त्यामुळे पेसाचा आधार तिथे मिळत नाही.

अतिक्रमणाचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल आहे. पंजाबातल्या एका गावतळ्यावर झालेल्या कब्ज्याचं ते प्रकरण होतं. गावाच्या सामाईक जमिनीवरचे बेकायदा कब्जे काढा, असे आदेश न्यायालयानं सगळ्या राज्यांना दिले. २०२३ मध्ये देशातल्या जलाशयांची पहिली गणना प्रसिद्ध झाली, त्यात २४ लाख २४ हजारांवर जलाशय मोजले गेले आणि ३८ हजारांवर जलाशयांवर अतिक्रमण असल्याची नोंद झाली. तलावाच्या पोटातला बांध ज्यांना रोज दिसतो, त्यांना हा आकडा थोडाच वाटेल.

चार ग्रामसभा पुरेशा आहेत

वर्षात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी बहुतेक गावांत ग्रामसभा होते. तलावाचं वर्षही याच तारखांना धरून चालतं.

२ ऑक्टोबरला पाऊस सरत आलेला असतो. त्या दिवशी पाळीजवळ फूटपट्टी वाचायची आणि आकडा सभेत सांगायचा. समजा तलाव दहा फूट भरलाय. वरचे पाच फूट धानाला, खालचे पाच फूट राखीव, असं ठरवलं. शेतकऱ्याला वाटेल, अर्धं पाणी गेलं. तसं नाही. तलाव परातीसारखा पसरट असल्यानं वरच्या पाच फुटांत अर्ध्याहून पुष्कळ जास्त पाणी असतं. आणि राखीव पाच फुटांतलं दोन-तीन फूट तर मे महिन्यापर्यंत उन्हातच उडून जातं. उरलेल्यात मासा, ढोरं आणि गावच्या विहिरी जगतात. आकडा प्रत्येक गावाचा वेगळा राहील. पण तो पाळीवरच्या दगडावर रंगवलेला असावा, म्हणजे वाद झाला तर दगडाकडे बोट दाखवता येईल.

उन्हाळी धान घ्यायचा की नाही, हेही त्याच दिवशी ठरलं पाहिजे. पऱ्हे टाकून झाल्यावर चर्चा करून उपयोग नाही. तलावात थेट इंजिन टाकून पाणी ओढणाऱ्यांना राखीव रेषा लागू नसेल, तर तुडुम बंद ठेवून काहीच साधत नाही.

२६ जानेवारीला संस्थेनं माशाचा आणि पाणी पंचांनी पाण्याचा हिशोब वाचावा. १ मे ला गाळ, पाळ आणि येवा यांची कामं ठरावीत. १५ ऑगस्टला येव्यावरच्या नाल्यात जाळी लावून अंड्यावरचा मासा धरू नये, एवढी आठवण करावी. पावसाळ्यात चढणीला लागलेला मासा सोडला तर पुढच्या वर्षी तलावात मासा असतो.

अडचणी आहेत. ग्रामसभेत कोरम भरत नाही. बहुसंख्य समाजाच्या गावात चार-दहा ढिवर कुटुंबांचं म्हणणं हात वर करून मोजलं तर ते कायम हरणार. म्हणून तलावाच्या समितीत मच्छीमार, शेपटाकडचा शेतकरी, बाया आणि खालच्या गावाचा एक माणूस यांची जागा आधीच ठरलेली हवी आणि राखीव रेषा मतानं खाली आणता येऊ नये. ग्रामसभेच्या ठरावानं खात्यावर थेट बंधन येईलच असं नाही. पण पाणी, मासा आणि महसूल या तिन्ही खात्यांना एकच ठराव, एकाच तारखेचा, गेला तर साहेबांना एकमेकांकडे बोट दाखवणं अवघड जातं. ठेक्याची रक्कम ठरवतानाही राखीव पाण्याचा हा ठराव संस्थेला पुढे ठेवता येतो.

पाळ फुटते तेव्हा धानवाल्याची बांधी आणि ढिवराचं घर दोन्ही पाण्यात जातात. तलाव आटतो तेव्हा दोघांच्याही दारातला हँडपंप कोरडा होतो. नुकसान एकत्र होतं, बैठक मात्र एकत्र होत नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची नोटीस लागेल तेव्हा त्यात तलावाचा विषय आहे का, एवढं बघून यावं. नसेल तर लेखी अर्ज देऊन तो घ्यायला लावावा आणि अर्जाची पोच घ्यावी. अर्जावर एक सही धान पिकवणाऱ्याची आणि एक मासे धरणाऱ्याची असली, तर अर्धं काम तिथेच झालं म्हणायचं.